‘बीट’ : तो, ती की ते?

४ नोव्हेंबर

सूनबाईने काल कुटुंबाच्या गटावर लिहिले – ‘बाबा चिमणीच्या क्लासमधे घुसलेत आणि दार लाऊन नाचतायत!!’ या एका वाक्यात चार चुका आहेत. ‘क्लासमधे’ नव्हे, ‘क्लासमध्ये’. ‘लाऊन’ नव्हे, ‘लावून’. मी घुसलो नाही. मला बसवण्यात आले. (भावे प्रयोग मुद्दाम केला आहे. कर्ता कोण, ते घरात सर्वांना ठाऊक आहे.) आणि मी नाचत नव्हतो – पायाला मुंग्या आल्या होत्या. उद्गारचिन्हे दोन कशासाठी, हे मी विचारतही नाही.

खरी हकिकत अशी. चिमणी – माझी नात, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला – संगणकावर नाचण्याचे संगीत रचायला शिकते. वर्ग पडद्यावरच भरतो. मंगळवारी आणि शुक्रवारी, सायंकाळी. नेमक्या त्याच वेळी कॉलेजने २७ तारखेपर्यंत जादा तासिका लावल्या. वर्ग बुडाला की नाव कटते. नाव कटले की महिनाअखेरच्या कार्यक्रमात रंगमंच नाही. म्हणून –

‘आजोबा, तुम्ही फक्त बसायचं. कॅमेरा बंद, माइक बंद. काही विचारलं तर थोडंसं लिहायचं. प्लीज!’

‘त्याला मराठीत “कृपया” असा शब्द आहे.’

‘आहे हो, पण “कृपया” म्हटलं की रांगेत उभं राहिल्यासारखं वाटतं.’

वर्गातील तिचे टोपणनाव ‘वटवाघूळ’. नपुंसकलिंगी आहे. निदान नावात तरी खोटेपणा नाही.

६ नोव्हेंबर

शिक्षक पंचविशीचा, टोपी उलटी. आज त्याने ‘ड्रॉप’ समजावला. सूर चढत जातात, चढत जातात, ऐकणारा ताटकळतो – आणि मग सारे एकदम कोसळते. हे मला आधीपासून येत होते! छापखान्यात मुद्रिते तपासताना अशी वाक्ये रोज हाताखालून जात. अर्धे पान उलटले तरी क्रियापदाचा पत्ता नाही. शेवटी ते येते, तेव्हा जीव भांड्यात पडतो. मराठी वाक्यात ड्रॉप शेवटीच असतो.

मग अडचण. शिक्षकाने विचारले, ‘वटवाघूळ, रोज प्रॅक्टिस करतेस ना?’ ‘करतो’ लिहावे, तर सोंग उघडे पडते. ‘करते’ लिहावे, तर – बोटच उठेना! दुसऱ्यांची क्रियापदे दुरुस्त करण्यात हयात गेली. स्वतःचे क्रियापद स्वतःच्या हाताने बिघडवू? शेवटी लिहिले – ‘प्रतिदिनी सराव होत असतो.’

‘वटवाघूळ, तू स्टेशनवरची घोषणा आहेस का?’

पडद्यावर पिवळी हसरी तोंडे टपाटप उगवली.

१० नोव्हेंबर

जोड्या लागल्या. आमच्या जोडीला ‘बहिरा कावळा’ या टोपणनावाचा कोणी विद्यार्थी. दोघांनी मिळून एक रचना करायची, तीत एक बोललेली ओळ हवी. २४ तारखेपर्यंत रचना न आल्यास जोडी कार्यक्रमातून बाद.

चिमणी कॉलेजातून आली, तिला सांगितले. म्हणाली, ‘आजोबा, त्याच्याशी भांडू नका हं.’

‘मी कधी भांडतो?’

तिने आईकडे पाहिले. आईने छताकडे पाहिले.

११ नोव्हेंबर

आवाज फार झाला म्हणून मी ‘बास!’ असे ओरडलो. चिमणीने ‘बास’ – म्हणजे खर्ज – वाढवला.

१३ नोव्हेंबर

कावळ्याने ओळ पाठवली – ‘बीट आली, बीट आली, पाय कुठे ठेवू?’

आली? मी तत्काळ कळवले की, परभाषेतील शब्दाला त्याच्या अर्थावरून लिंग द्यावे. बीट म्हणजे ठोका. ठोका – तो. म्हणून ‘बीट आला’.

उत्तर आले – ‘अर्थावरून नव्हे, रूपावरून. वीट – ती. तीट – ती. म्हणून बीट – ती. आणि अर्थच हवा असेल, तर बीट म्हणजे थाप. थाप – ती. आपण मारत आहात ती.’

आजकालच्या मुलांना मोठ्यांशी कसे बोलावे ते कळत नाही! (मी मोठा आहे हे त्याला माहीत नाही, हे मान्य. पण अंदाज यायला काय हरकत होती?) मी लिहिता लिहिता मोठ्याने बोलत असेन, कारण स्वयंपाकघरातून सूनबाई ओरडली –

‘ते बीट, बाबा! सोलून ठेवलंय! कोणी खाणार आहे का?’

एका घरात तिन्ही लिंगे झाली. चिमणी कॉलेजातून आली, दारातच थबकली आणि खोकला आल्यासारखे करून आत पळाली.

१७ नोव्हेंबर

कोंडी कायम. रचना तयार आहे. ओळ अडली आहे. मी ‘आला’वरून हटत नाही, कावळा ‘आली’वरून. शिवाय मनुष्य भलताच आळशी. काहीही विचारा – ‘पाहीन.’ ‘करीन.’ ‘कळवीन.’ सारा संसार भविष्यकाळात!

चिमणी कॉलेजातून आली. मी माझी बाजू सविस्तर मांडली. ती आधी हसली. मग हसता हसता तिचा चेहरा उतरला.

‘एका शब्दासाठी, आजोबा? मी तीन वर्षं हेडफोन लावून गाणी करतेय. माझं गाणं हवेत कसं वाजतं ते मला माहीतच नाही. एकदा – एकदाच मोठ्या स्पीकरवर ऐकायचंय मला.’

आणि रडू लागली. ‘हवेत कसं वाजतं’ – वाक्यात दुरुस्त करण्याजोगे काहीही नव्हते. मला जेवण गेले नाही.

पण ‘आली’ चूकच आहे.

२० नोव्हेंबर

दुपारी वीज गेली. पाणी बंद, पंखा बंद, मी कासावीस. सूनबाई शांतपणे म्हणाली, ‘वीज येईल, मग पंपवाला येईल, मग पाणी येईल. बसा जरा.’

बसलो, आणि ताडकन उठलो! वीज – ती. पंपवाला – तो. पाणी – ते. आणि क्रियापद एकच! येईल! भविष्यकाळाला लिंग नाही! शिवाय ड्रॉपच्या आधी बीट आलेली अथवा आलेला नसतोच मुळी. त्याची – तिची – वाटच पाहायची असते. आपण व्याकरणासाठी जे अडवून धरले, ते अडवून धरणेच संगीताला हवे होते.

सायंकाळी वीज आली. वर्ग सुरू होताच धाडले – ‘बीट येईल, बीट येईल, पाय कुठे ठेवू?’

कावळ्याचे उत्तर – ‘मान्य. हे मला सुचले नाही याचे दुःख आहे.’

स्वयंपाकघरात जाऊन सूनबाईचे आभार मानले. ती म्हणाली, ‘पण पाणी अजून आलेलं नाही.’

२४ नोव्हेंबर

रचना पाठवली. मुदतीत. कावळ्याने लिहिले – ‘संपले एकदाचे! मी दमले.’

दुसऱ्या क्षणी ते वाक्य पुसले गेले आणि त्या जागी ‘मी दमलो’ आले. इतकी शुद्ध लिहिणारी व्यक्ती अशी चूक करीत नसते. मी लिहिले – ‘पहिले रूपच शुद्ध वाटते.’

मग – ‘आणि आपण?’

‘दमलो.’

मग उलगडा झाला. ‘बहिरा कावळा’ या नावाचा खरा धनी म्हणजे पलीकडे लिहिणाऱ्या बाईंचा नातू. त्याला या महिन्यात फुटबॉलचा सराव. त्याच्या जागी बसतात आजी. निवृत्त मुख्याध्यापिका. विषय – दुसरा कोणता असणार? म्हणून ते ‘पाहीन’, ‘करीन’! त्यांनाही ‘करतो’ लिहवत नव्हते!

२८ नोव्हेंबर

कार्यक्रम. चिमणी आणि तो नातू रंगमंचावर. मागच्या रांगेत मुख्याध्यापिकाबाई आणि मी. ‘येईल, येईल’ चढत गेले, दिवे विझले, आणि पोरांनी मुद्दाम एक क्षण काहीच वाजवले नाही. (स्वल्पविराम! हे मी शिकवलेले नाही.) मग ते आले. खुर्ची हादरली, बरगड्या हादरल्या, माझी कवळी हादरली.

सारे सभागृह उड्या मारत होते. चिमणी मात्र प्रेक्षकांकडे पाठ करून, स्पीकरकडे तोंड करून नुसती उभी होती. ऐकत.

बाई माझ्या कानात ओरडल्या, ‘ती!’ मी ओरडलो, ‘तो!’

मी नाचलो. कर्तरी प्रयोग.

२९ नोव्हेंबर

काल गर्दीत चिमणीच्या कॉलेजातील मैत्रीण भेटली. जादा तासिकांचा विषय निघाला. म्हणाली, ‘त्या? त्या तर सहा तारखेला सर आजारी पडले तेव्हाच बंद झाल्या, आजोबा!’

सूनबाईला विचारले. तिने प्रथम छताकडे पाहिले. मग म्हणाली, ‘खाली जिन्यात बसायची ती. तुमचं ओरडणं तिथवर ऐकू जायचं. सासूबाई गेल्यापासून तुम्ही कोणाशी धड भांडलासुद्धा नव्हतात, बाबा.’

या रोजनिशीपुरते शुद्धिपत्र :

जादा तासिका समाप्त – ‘२७ नोव्हेंबर’ऐवजी ‘६ नोव्हेंबर’ वाचावे.

१० नोव्हेंबर – ‘कॉलेजातून आली’ऐवजी ‘जिन्यातून आली’ वाचावे.

१३ नोव्हेंबर – तसेच.

१७ नोव्हेंबर – तसेच. त्या दिवशी ती मोकळी होती. रडली, पण स्वतःची जागा परत मागितली नाही.