कोंबड्यांचं गाणं

चिरंजीव,
खुराड्यावरचं तुझं प्लास्टिक काढून मी कोंबड्या लिंबोणीखाली सोडल्या आहेत. भर उन्हात सावली म्हणून प्लास्टिक घालणारा शहाणा आपल्याच घरात निघावा! त्या चोच उघडी टाकून धापा टाकत होत्या, आणि तू ‘आमच्या कोंबड्या गातात’ म्हणून व्हिडिओ काढून गावभर पाठवलास.

तुझ्या छकुलीची लाडकी ठिपकी त्या उकाड्यानं मेली. वांग्यांच्या वाफ्याशेजारी तिला पुरलंय. छकुलीला शाळेतून आणायला मीच जातो, वाटेत सांगेन.

तू तेवढा तो व्हिडिओ पुसून टाक. कोंबडीने चोच उघडी टाकली की तिला ऊन लागतंय, हे पोरीला मी केव्हाच शिकवलंय. ती बघताक्षणी ओळखेल. मरण तिला समजावता येईल मला. बाप कसा समजावायचा, ते येत नाही.

बाबा