पिंपात पडणारं पाणी

३ फेब्रु., मंगळ.
सईला शी न झाल्याचा आज सहावा दिवस. पोट नगाऱ्यासारखं. सात वर्षांची झाली, बोलत नाही, आणि शी अजून डायपरमध्येच. तीही मोरीतल्या पिंपामागे उभी राहून. संडासच्या दाराशी नेलं की किंचाळते. डॉक्टर म्हणाले, शी मऊ करायची पावडर रोज पोटात गेलीच पाहिजे, नाहीतर मुंबईला दाखल करून पोट साफ करावं लागेल. परक्या माणसांनी धरून ठेवायचं तिला! नुसतं रक्त तपासलं तर तीन दिवस माझ्याजवळ आली नव्हती.
प्र. फर्स्ट शिफ्टला. सहाची बस. कंपनीच्या गेटवर मोबाईल जमा, त्यामुळे तीनपर्यंत मला नवराच नाही असं धरून चालते.

५ फेब्रु.
पावडरला चव नसते म्हणे. म्हणून पेजेत कालवली. सईने वास घेतला, वाटी सरकवली. संध्याकाळी साधी पेज दिली, तीही नको. विश्वासाने खायची अशी ती एकच गोष्ट होती. माझ्यासारखी शहाणी मीच.

७ फेब्रु., शनि.
तुडीलहून सासूबाईंचा फोन. "एरंडेल पाज गो, नि बसव धरून. माजी पाच पोरं काय डाक्तरानं हगवली?" हसू आलं. फोन ठेवल्यावर रडू.
वरच्या मजल्यावर बारसं होतं. गेल्या वर्षी एका लग्नात सईने मांडवामागे... तेव्हापासून आमंत्रण फक्त प्र.ना. खाण्याची प्लेट मात्र आली, झाकून, दारातूनच.

१० फेब्रु.
लपवाछपवी बंद. तिच्यासमोरच पाण्यात पावडर टाकली, ढवळली, आधी मी प्यायले. तिने बराच वेळ बघून ग्लास घेतला. दोन घोट!

१२ फेब्रु.
सकाळी साडेसहाला नळ आला. रिकाम्या पिंपात पाणी धो धो पडायला लागलं तशी सई धावली, पिंपामागे. कालही तसंच. म्हणजे तिला तो आवाज हवा असतो! इतकी वर्षं मी तिथेच उभी राहून पाणी भरतेय आणि मला दिसलं नाही. उद्यापासून पॉट तिथेच ठेवून बघते.

१४ फेब्रु.
बसली. डायपरशिवाय. पिंप भरत आलं आणि झालं, पॉटमध्ये! कडक, रडली, पण झालं.
फोटो काढला. कुणाला पाठवू? मोबाईलमधली सगळी नावं खालीवर केली. शीचा फोटो बघून आनंद होईल असा माणूस एकच, आणि तो गेटच्या आत. म्हटलं, तोंडानेच सांगू. आले ते ओव्हरटाइम करून. जेवताना डोळे मिटत होते. राहिलं.

१६ फेब्रु., सोम.
सकाळी नळ सोडला तर आवाजच नाही. प्र.नी पहाटे निघताना नळाला पाइप जोडला होता, थेट पिंपाच्या तळापर्यंत. सई मोरीच्या दारात ऐकत उभी. मी पाइप उपटला, पण तिच्या जागेत कुणीतरी हात घातलाय हे तिला कळलं होतं. पॉट लाथेने उडवला, कान दाबून गेली.
दुपारी प्र.वर ओरडले, नको तेवढी. ते म्हणाले, "शिंतोडे उडतात म्हून जोडला गो. तुला बरं पडंल म्हून." मग म्हणाले, "मला सांगितलंस का कदी?"
नाही सांगितलं. वहीला सांगितलं.

१८ फेब्रु., बुध., पहाटे
आज चौथा दिवस. पॉटकडे बघत नाही. पावडर पितेय, तेवढाच आधार. शुक्रवारी डॉक्टरांकडे. मुंबई म्हणाले तर?
प्र.शी परवापासून बोलणं म्हणजे डबा, चावी, दार लाव. खूप एकटं वाटतं. घरात तीन माणसं असून.
भाजी शिजतेय तोवर लिहितेय. आज ही वही डब्याच्या पिशवीत घालतेय. वही म्हणजे काही मोबाईल नाही, गेटवर अडवणार नाहीत.
प्र., तीन तारखेपासून वाचा. चौदाचा फोटो घरी आल्यावर दाखवते. उद्या तुमची सुट्टी आहे, साडेसहाला नळ तुम्ही सोडा. पिंप मी रिकामं करून ठेवते.