पातेल्यातला गजर

३ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंचा हुकूम म्हणून लिहिते. "चक्कर कधी, कशानं, किती वेळ — रोज नोंद हवी." एरवी हा मला रिकामटेकडा उद्योग वाटतो.
तर, परवा पहाटे पाच. गजर झाला, दचकून उठले आणि तशीच कोसळले. शुद्ध गेली. हे म्हणतात अर्धं मिनिट. हे काहीही म्हणतात!

४ फेब्रुवारी
ईसीजी पाहून बाईंचा पहिला प्रश्न — "घड्याळ कुठे ठेवता?"
म्हटलं, उशाशी, स्टीलच्या पातेल्यात. दणदणीत वाजतं. मुख्याध्यापिका होते, तीस वर्षांत एक दिवस उशीर नाही! बाई हसत सुटल्या. मग गंभीर झाल्या.
जन्मजात दोष आहे — लाँग क्यूटी. ठोक्यानंतर माझ्या हृदयाला पुन्हा सज्ज व्हायला जास्त वेळ लागतो. त्यात झोपेतून दचकलं, की खालचे कप्पे रक्त ढकलायचं सोडून नुसते थरथरतात. शिवाय खोकल्यासाठी घेतलेलं अँटिबायोटिक — त्यानं तो वेळ आणखी लांबला. "पुढच्या खेपेला आपोआप थांबेलच असं नाही," म्हणाल्या.
गोळ्या जन्मभर. पोटॅशियम कमी होऊ द्यायचं नाही. गजर बंद.
दोष लेकरांत उतरू शकतो, म्हणून लेकीचीही तपासणी करायची. आठवा महिना लागलाय तिला.

६ फेब्रुवारी
हे आता कानाशी कुजबुजून उठवतात — "अगं, ऊठ बरं." चाळीस वर्षांत इतकं मऊ बोलले नव्हते!

२ मार्च
लेकीला दोष नाही! म्हणजे माझ्याकडून बाळालाही नाही. फोनवर "बरं" एवढंच म्हटलं. मग स्वयंपाकघरात जाऊन गाणं म्हटलं. बेसूर.
पण बाळ काही सांगून रडत नाही. मी दचकले तर? मी त्याला घ्यायचं, की लांबूनच बघायचं? बाईंना विचारायचा धीर होईना. मला!

९ मार्च
शेवटी यांनीच विचारलं. बाई म्हणाल्या, "बाळाच्या खोलीत झोपू नका, गोळी चुकवू नका. जागेपणी खुशाल घ्या."
हे म्हणतात, "हिच्या आवाजानं बाळच दचकेल!"

२१ मार्च
दिलं: गजराचं घड्याळ, पातेल्यासकट, जावईबापूंना. ("आई, आता हे कशाला? गजर जन्मलाय की!")
घेतलं: नात. दोन किलो नऊशे. सकाळी दहा वाजून पाच मिनिटं. कानाशीच भोकाड पसरलं.
चक्कर — नाही.
ती दोन मिनिटांत गप्प झाली. मला वेळ लागला.