ईश्वरीची मावशी

२१ जुलै, सोमवार

खोटं बोलले. कॉलेजच्या पहिल्याच दिवशी!

नीट लिहिते. इतिहासाचा तास. सर हजेरी घेत होते. माझ्या नावाशी थांबले, गळ्यातल्या पोतीकडे पाहिलं. "लग्न झालेलं दिसतं. घरी लहान लेकरू वगैरे?" सगळा वर्ग माझ्याकडे वळला. सर म्हणाले, "विचारून ठेवतो आपलं. लेकरंवाल्या बाया प्रवेश घेतात आणि दिवाळीच्या आत घरी बसतात. एखाद्याची जागा वाया जाते."

मी म्हटलं — नाही, सर.

आणि पाच वर्षांची मुलगी आहे मला. सकाळी तिची वेणी घालूनच एसटीत बसले होते.

माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे माझ्याआधी कुणी शाळेत गेलेलं नाही. बारावी होऊन सहा वर्षं झाली, तेव्हा कुठे बी.ए.ला नाव लागलं. वाटलं, आता खरं बोलले तर हे नाव जाईल. म्हणून नाही म्हटलं. कारण लिहिलं म्हणून खोटं कमी होत नाही, हेही लिहून ठेवते.

२२ जुलै

घरी सगळं सांगितलं. सर काय बोलले ते, मी काय बोलले तेही. ईश्वरी तिथेच खेळत होती.

सासूबाई चुलीपुढे होत्या. मागे न वळता म्हणाल्या, "बराबर तं बोलला मास्तर. लेकरू घरी टाकून जाशीन तं लोकं इचारतीनच."

आणि भाकरी उलटली.

३० जुलै

शेजारी फरहीन बसते. कॉलेजच्या गावची, रिसोडचीच. तिच्या वडिलांचं चपलांचं दुकान आहे. अठरा वर्षांची, तोंडाला विसावा नाही. मला वाटलं होतं या पोरी मला काकू म्हणतील. ती पहिल्या दिवसापासून "ए रंजीता!"

आज माझा मोबाइल बाकावर होता. "अय्या, कोन हाये ही?" फोटो ईश्वरीचा.

बहिणीची मुलगी, म्हटलं.

३१ जुलै

काल पूर्ण लिहिलं नाही. फरहीन पुढे म्हणाली होती, "म्हनजे तू मावशी हाये!" आणि मी हसले. चांगली मोकळी हसले. ते लिहायचं टाळलं होतं. घरी चुलीपुढे सासूबाईंना मात्र हेही सांगितलं, ईश्वरीदेखत.

१२ ऑगस्ट

मोबाइलवरचा फोटो बदलला. आता गुलाबाचं फूल आहे.

२४ ऑगस्ट, रविवार

दुपारभर ईश्वरी आणि मी ओसरीवर अभ्यासाला. ती अंगणवाडीची पाटी घेऊन, मी राज्यशास्त्र. तिने एक 'ग' काढला की मला दाखवायची, मग माझ्या वहीत डोकवायची. "मम्मी, तुह्या बाई मारते का?" सर आहेत, म्हटलं. "मंग सर मारते का?" नाही. "मंग तू भेते काहून?"

हिला कोणी सांगितलं मी भिते म्हणून!

सासूबाई सूप घेऊन जाता जाता म्हणाल्या, "वा! दोन दोन शाळकरी पोरी घरात. आन् भाकरी कोन टाकन? सरकार?"

ईश्वरी खो खो हसली. मी उठून पीठ मळायला घेतलं.

रात्री पुण्याहून नवऱ्याचा, राजपालचा फोन. बांधकामावर आहेत, महिना-दीड महिन्यातून एकदा येतात. त्यांना त्या खोट्याचं सांगितलं. हसायला लागले. "सांगून टाक ना. फाशी देते का कोनी?" तुमाले काय, तुमी पुण्यात, म्हटलं. "अभ्यास कर तू," म्हणाले.

१८ सप्टेंबर

ईश्वरीला सकाळी ताप होता. सासूबाई म्हणाल्या, "जाय तू." गेले. आजवर एकही तास बुडवलेला नाही. आज बुडवला असता तर सरांना कारण काय सांगितलं असतं? एका खोट्यासाठी दुसरं.

आणि आजच सर वर्गाला म्हणाले, "हजेरी कशी असावी ते रंजीताकडून शिका." जमीन फाटावी असं झालं.

दोनच्या एसटीने धावत घरी. सासूबाई तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवून बसलेल्या. अंग गार लागलं. "आता कायले पयत आली? उतरला थो ताप." सकाळपासून त्या जेवल्या नव्हत्या. झाकलेलं ताट तसंच होतं.

५ ऑक्टोबर, रविवार

गेल्या आठवड्यापासून दिसत होती ती अडचण आली आहे. सोयाबीनची सोंगणी सुरू आहे, सासूबाई उद्या पहाटेच शेतावर जाणार. अंगणवाडीच्या ताई ट्रेनिंगला, म्हणजे अंगणवाडी बंद. आणि उद्याच चाचणी परीक्षा! ईश्वरीला बरोबर न्यावं लागेल. कॉलेजात झाडझूड करणाऱ्या लखमाबाई आहेत. त्यांना फोन केला. "आन ना, बसन माह्याजवळ व्हरांड्यात," म्हणाल्या.

पण फरहीनने पाहिलं तर?

ईश्वरीला खोटं बोलायला शिकवणार नाही. एवढं तरी पाळायचं. तिला काहीच सांगणार नाही. ती सगळ्यांसमोर मम्मी म्हणाली तर म्हणाली. सुटेन एकदाची.

(आता वाचून पाहिलं. मला जे बोलवत नाही, ते पाच वर्षांच्या पोरीने बोलावं अशी वाट पाहते आहे मी.)

६ ऑक्टोबर

पेपर बरा गेला. बाहेर आले तर व्हरांड्यात घोळका. मधोमध ईश्वरी, हातात बिस्किटाचा पुडा, फरहीन तिच्या रिबिनी बांधत होती. लखमाबाई बाजूला झाडूवर हात ठेवून मजा पाहत होत्या.

मला पाहिलं आणि ती धावत सुटली. माझ्यापासून दोन हातांवर अशी थांबली जशी रेघच आखली होती कोणी. हात खाली केले.

"मावशी," म्हणाली.

फरहीन म्हणाली, "पाह्य ना, नाक बिलकुल मावशीवर गेलं!" सगळ्या हसल्या. ईश्वरी हसली नाही. 'ग' काढून झाल्यावर माझ्याकडे बघते तशी बघत होती. बरोबर आहे का, म्हणून.

मी मान डोलावली.

एसटीत ती मांडीवर पडली. झोप लागता लागता कानाशी आली. "मम्मी, बराबर बोलली ना मी?"

हो, म्हटलं. काय म्हणणार होते?

जुलैत चुलीपुढे मी बोलत होते, तेव्हा ती तिथेच खेळत होती. कान माझ्याकडे असणार. माझ्याच तोंडून शिकली.

७ ऑक्टोबर

सांगितलं.

हजेरी संपली तेव्हा उभी राहिले. "सर, मला मुलगी आहे. पाच वर्षांची. पहिल्या दिवशी तुम्ही विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं. ते खोटं होतं."

सरांनी चष्मा काढला. "मी विचारलं होतं?" म्हणाले.

त्यांना आठवतच नव्हतं!

अडीच महिने! मी फोटो बदलला, पोरीला दोन हातांवर उभं केलं — आणि ते सहज बोलून विसरूनही गेले होते. "बरं. बस," म्हणाले. "पेपर कसा गेला कालचा?"

फरहीनने तासभर माझ्याकडे बघितलं नाही. तास संपल्यावर म्हणाली, "सरले सांगतलं. मले नाही सांगतलं." तिचे डोळे भरले होते. दप्तर उचलून दोन बाक मागे जाऊन बसली.

तिचं बरोबर आहे. सरांना मी एकदाच फसवलं. तिला रोज.

८ ऑक्टोबर

फरहीन आली. दप्तर माझ्या शेजारी आपटलं. "माफ नाही केलं. मागून फळा दिसत नाही, म्हून आली."

बराच वेळ लिहीत होती. मग वहीतून मान वर न काढता — "पोरीचं नाव तरी खरं हाये का?"

ईश्वरी, म्हटलं. अगदी खरं.

"हां. तिले सांगजो, मावशी मी हावो आता."

९ ऑक्टोबर

सोंगणी आज आटोपली. सासूबाई हातपाय धुऊन टेकल्या, तेव्हा सांगितलं — मामी (सासूबाईंना मी मामीच म्हणते), कॉलेजात सांगून टाकलं मी, मुलगी आहे म्हणून.

त्यांचा चेहराच उतरला. "काहून सांगतलं वं? म्या चार दिवस घोकून घेतलं पोरीकडून! मम्मी नाही म्हनाचं, मावशी म्हनाचं. म्हनली तवाच घास दिला."

तुमी शिकवलं?

"मंग! तुई जागा गेली असती तं?"

त्या जवळ सरकल्या, हळू आवाजात विचारलं, "ठेवलं ना पन तुले? काढलं तं नाही ना?"

नाही काढलं, म्हटलं.

तरी जेवताना पुन्हा विचारलं. आणि आता, हे लिहिते आहे, तर दारातून तिसऱ्यांदा.