जळक्या ऑइलचं मैदान

आप्पा,

मधे काही महिने मला नोकरी नव्हती आणि मी रोज खेळत होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही कपाळाला आठ्या घालून का होईना, पण वाचाल. खेळत होते म्हणजे गोल्फ खेळत होते. तोच तो, ज्याच्याबद्दल तुम्ही एकदा टीव्हीसमोर बसून म्हणाला होतात, "एवढ्या मोठ्या माणसांना एवढासा बॉल कशाला लागतो?" तेव्हा मीही हसले होते. आता हसत नाही. त्या महिन्यांत मी पहाटे उठायचे, चहा उभ्याने प्यायचे आणि उन्हाच्या आधी एक फेरी उरकायचे. जमलं तर लगेच दुसरी. संध्याकाळी ऊन उतरलं की पुन्हा जायचे.

लातूरची आमची तेलाची मिल दिवाळीनंतर विकली गेली. तिच्या प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी झाली, शेवटची काही वर्षं प्रमुख म्हणून. नव्या मालकांनी तेलाची तपासणी बाहेरून करून घ्यायचं ठरवलं आणि आम्हाला शाल-नारळ देऊन मोकळं केलं. मी रडले वगैरे नाही. खोलीला कुलूप लावलं आणि नांदेडला भावाकडे आले, म्हणजे तुमच्याच घरी.

तुम्हाला रिकामा माणूस बघवत नसे. एसटीच्या वर्कशॉपात पायावर जॅक घसरला आणि प्लास्टर बसलं, तेव्हा तुम्ही अंगणात खाटेवर बसून अख्ख्या गल्लीचे स्टोव्ह दुरुस्त करायचा. आई म्हणायची, "डॉक्टरनं आराम सांगितलाय की हो." तुम्ही म्हणायचा, "आरामच करून राहिलो," आणि तोंडात पिन धरून बर्नर उन्हाकडे करून बघायचा. मी त्याच घरात वाढले. आल्या आल्या वहिनीचे सगळे डबे घासले, लेबलं लावली, मसाल्यांची जागा बदलली, फडताळात नवा कागद घातला. शेवटी तिने हात जोडले. "ताई, तुम्ही जरा फिरून या बघू. मला माझ्याच घरात मीठ सापडंना."

म्हणून मी फिरायला निघाले. आपली वस्ती मागे टाकून अर्धापूर रस्त्याला लागलं, की डाव्या हाताला धरणाच्या कामासाठी बांधलेली जुनी वसाहत आहे. क्वार्टर्स बहुतेक पडक्या आहेत, पण मागचं माळरान मोकळं आहे. मी कुंपणाच्या कडेने चालले होते, तेवढ्यात एक पांढरा बॉल सुसाट येऊन पायाशी थांबला. मागून ओरडा आला, "अहो बाई, हात लावू नका!"

"मग माणसांच्या अंगावर मारू नका," मी म्हणाले, बॉल उचलला आणि नेऊन त्यांच्या हातात ठेवला.

"उचलला की हो!" ते कळवळले. हे काका. पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. माळावरचं हे गोल्फचं मैदान त्यांनीच आखलंय. त्यांच्याबरोबर अर्धापूरचे केळीचे एक व्यापारी होते, त्यांना सगळे शेठ म्हणतात. शेठ पोट धरून हसत होते. "काका, बाईंनाच द्या काठी. तुमच्यापेक्षा सरळ मारतील."

मी काठी घेतली. पहिले दोन फटके हवेत गेले, नंतरच्या फटक्याला मातीचं ढेकूळ उडालं. "बास झालं, बाई, खांदा भरंल," काका म्हणाले. मला बास म्हटलेलं चालत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पुन्हा उभी राहिले आणि मारला. आप्पा, तो आवाज! घट्ट झाकण डब्यावर नेमकं बसतं ना, तसा. हाताला काही जाणवलंच नाही. बॉल वर चढला, बाभळीच्या शेंड्यावरून गेला आणि पलीकडे धूळ उडवून पडला. शेठचं हसणं थांबलं. माझं मात्र तिथेच काहीतरी सुटलं. उभ्या आयुष्यात मी एवढ्या जोरात कशावरही काही मारलेलं नव्हतं.

आता तुम्हाला आवडेल अशी गोष्ट सांगते. आपल्याकडे उन्हाळ्यात हिरवळ कुठली टिकणार? म्हणून भोकाभोवती, म्हणजे होलभोवती, गवताऐवजी बारीक वाळूचं गोल अंगण केलेलं असतं, आणि ती वाळू वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यात गाड्यांचं जळकं ऑइल कालवतात. त्याला ब्राउन म्हणतात. तिथे गोणपाट गुंडाळलेली एक फळी पडलेली असते. बॉलपासून होलपर्यंत ती एकदाच ओढायची, तेवढी वाट सपाट करायची आणि मग हलकेच बॉल ढकलायचा. पहिल्या दिवशी मी ती फळी ओढायला वाकले आणि वाकलेलीच राहिले. तुमच्या शर्टाचा वास, आप्पा. सोडा-भुसा लावून तुम्ही मोरीत कोपरापर्यंत हात घासायचा, मी तांब्याने पाणी ओतायची, तरी तो वास जायचा नाही, आणि आई भाकरीची दुरडी तुमच्यापासून लांब सरकवायची. "खाऊ दे की, रोजचंच ऑइल हाय," तुम्ही म्हणायचा.

"काय झालं, बाई? कंबर धरली का?" काकांनी विचारलं.

"नाही. वाळू बघत होते," मी म्हणाले.

मला सायन्सला प्रवेश मिळाला तेव्हाची गोष्ट आठवते का? कॉलेजने पांढरा ॲप्रन सांगितला होता. तुम्ही डेपोच्या शिंप्याकडून स्वतःच्या गणवेशाच्या कापडातून ॲप्रन शिवून आणलात. खाकी! वर्गात सगळ्या मुली बगळ्यासारख्या पांढऱ्या, आणि मी एकटी कंडक्टर. एकीने तिकीटही मागितलं. घरी येऊन मी धुसफुसले, तर तुम्ही शांतपणे म्हणालात, "पांढऱ्यावर डाग दिसतो. ह्याच्यावर काम दिसतं." पुढे मिलमध्ये माझ्या हाताखालच्या पोरींना मी हेच वाक्य ऐकवलं, जणू काही माझंच आहे.

तर, मी शिकत गेले. माझी खोड एकच होती. फटका मारला, की बॉल कुठे गेला ते बघायला मान लगेच वर. मान वर झाली की बॉल वाकडा जातो. काका म्हणायचे, "बाई, त्याला जाऊ द्या ना. तुम्ही काय त्याच्या पालक आहात?" लॅबमध्ये आयुष्यभर मी प्रत्येक गोष्टीच्या मागे उभं राहून बघितलं, आता एकाएकी कशी सुटेल? पण सुटली. एके दिवशी मी खाली मातीकडेच बघत राहिले आणि नुसत्या आवाजावरून कळलं की सरळ गेलाय. घरी येऊन वहिनीला करून दाखवलं, लाटणं घेऊन. ती म्हणाली, "वस्तीत जयंतीची तयारी चालू हाय, सगळे विचारून राहिले ताई कुठंयत, अन् ताई माळावर काठी फिरवून राहिल्या." पण दुसऱ्या दिवशी माझा डबा तिने स्वतःहून भरला, शेठना आवडतं म्हणून दाण्याच्या चटणीसकट.

मार्चमध्ये लातूरच्या दुसऱ्या एका मिलमधून बोलावणं आलं. लॅब नव्याने उभी करायची, सगळं माझ्या हातात. मी हो म्हटलं. त्याच आठवड्यात काकांनी सांगितलं की लातूरची मंडळी आपल्या मैदानावर सामना खेळायला येणार आहेत, दोन्हीकडून चार-चार जण. आमचे तिघे ठरलेले होते. चौथ्या जागेवर कुणीतरी माझं नाव काढलं आणि वाद सुरू झाला. त्याच जागेवर डोळा असलेला एक जण म्हणाला, "बाई तर लातूरच्याच. निम्मं आयुष्य तिकडं गेलं त्यांचं."

"जन्म इथला आहे, आणि बॉलही इथल्याच मातीत हरवलेत," मी म्हणाले. "दुसरा कोणी बरा खेळत असेल तर त्याला घ्या, मी वाईट वाटून घेणार नाही. पण लातूरच्या म्हणून मला काढू नका." काकांनी आमच्या दोघांत एक फेरी लावली. मी जिंकले. सामना रविवारी ठरला. लातूरला रुजू व्हायचं सोमवारी.

सामना हवा होता, आप्पा. मिलमध्ये मी जे मिळवलं ते हळूहळू, बढत्यांच्या यादीत वाट बघून. हे आत्ता, उघड्यावर, सगळ्यांच्या देखत मिळणार होतं किंवा जाणार होतं. आदल्या दिवशी मला जेवण गेलं नाही. या वयात!

शेवटच्या होलवर आलो तेव्हा दोन्ही बाजू बरोबरीत होत्या. बाकीच्यांचं संपलेलं. उरले मी आणि लातूरचे एक वकीलसाहेब, बोलायला गोड आणि मारायला निर्दय. माझा दुसरा फटका ब्राउनच्या अलीकडे पडला, घरंगळला आणि दिसेनासा झाला. काळ्या मातीला उन्हाने भेगा पडलेल्या होत्या, त्यातल्या एकीत गेला. आमच्या मैदानाचा यावर एक नियम आहे आणि तो सकाळीच पाहुण्यांना सांगून झाला होता: भेगेत हात घालून बॉल काढता आला तर माफ, बाहेर ठेवून खेळा. नाही काढता आला तर एक फटका दंड. काठी, चिमटा काही चालत नाही. फक्त हात.

"दंड घ्या, बाई," वकीलसाहेब म्हणाले, आणि खरंच काळजीने म्हणाले. "विंचू असतो तिथं."

शेठ हळूच म्हणाले, "बाई, राहू द्या. हरलो तर हरलो."

मी भेगेशी वाकले. बॉल खोलवर पांढरा दिसत होता. आणि मला मुखेडकडचं मामांचं शेत दिसलं. मी लहान आहे, माझा सागरगोटा भेगेत पडलाय, मी पालथी पडून खांद्यापर्यंत हात घातलाय. तुम्ही बांधावरून धावत येता, मला वेणीला धरून उठवता आणि कानाखाली वाजवता. "भुईच्या तोंडात हात घालती व्हय?" आयुष्यात तेवढीच एकदा. मग तुम्हीच मटकन खाली बसता. माझा हात तुम्ही बोट-बोट तपासता. सागरगोटा गेला तो गेलाच.

मी आडवी झाले. चुडीदार, पांढरे केस, चष्मा, सगळ्यासकट मातीत आडवी झाले आणि हात घातला. भीती वाटली. खोटं कशाला बोलू? भेग आतून गार होती. कोपर गेलं, दंड गेला, गाल जमिनीला टेकला, आणि मधल्या बोटाच्या टोकाला ते गुळगुळीत लागलं. दोन बोटांत धरून वर आणताना एकदा निसटला, पुन्हा सापडला. वर काढला तेव्हा काका लहान मुलासारखे टाळ्या वाजवत होते. नंतर मी बोटं एकेक करून बघितली. सवय.

पुढचा फटका ब्राउनवर गेला. वकीलसाहेबांचा शेवटचा बॉल होलच्या काठाला चाटून थांबला. "अरारा!" ते स्वतःच म्हणाले. मला हा एक घालायचा होता, की सामना आमचा. मी फळी ओढली. एकदाच. जळक्या ऑइलचा वास वर आला. मी उभी राहिले, खाली बघितलं, ढकलला, आणि मान वर केली नाही. होलमध्ये पुरलेल्या डब्यात पडल्याचा आवाज आला.

आप्पा, मी ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही, पण शेठ सांगतात, रस्त्यावरचा केळीचा ट्रक थांबला. कप लहानसाच आहे. वहिनीने तो घासून तुमच्या हार घातलेल्या फोटोशेजारी ठेवलाय, मी नको म्हणत असताना.

सोमवारी मी रुजू झाले. लॅब चांगली आहे, पोरी हुशार आहेत, रविवारी नांदेडची पहिली बस मला पाठ झाली आहे. हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. मिलवाल्यांना मी मार्चअखेरीलाच हवी होते. सामन्यासाठी मीच तारीख पुढे मागून घेतली. कारण विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "नांदेडला वडील आहेत, त्यांना जरा वेळ द्यायचाय." मॅनेजर म्हणाले, "हो हो, मॅडम, सावकाश या. आता कशी आहे त्यांची तब्येत?"

मी म्हणाले, "बरी आहे."