वर्ग हिरवागार

९ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण मी सध्या फार मोठी बाई झाले आहे आणि मोठ्या माणसांना भावाला लिहायला सवड नसते. फोन केला असता, पण मी ओरडायचं आणि तू ‘हो हो’ म्हणायचं, यातून आजवर दोघांनाही काही कळलेलं नाही. वहिनी म्हणते, तू तिकडे रिसीव्हरकडे बघून मानही हलवतोस.

तर बातमी अशी. आमच्या शाळेत डिजिटल वर्ग आला आणि तो माझ्या नववीला मिळाला. मलाच का, तर बाकीच्या शिक्षकांनी आधीच अंग काढून घेतलं होतं. पण मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला खोलीत बोलावून दार लावलं आणि सांगितलं की त्या वर्षअखेरीला निवृत्त होताहेत, ऑक्टोबरात संस्थेचे पाहुणे हा वर्ग बघायला येतील, आणि वर्ग छान दिसला तर त्यांच्या खुर्चीवर कोण बसणार हे वेगळं सांगायला नको. मी नको नको म्हटलं. ते इतकं हळू म्हटलं की त्यांना ऐकू गेलं नसावं. मला ती खुर्ची हवी आहे, दादा. तुझ्यापाशी काय लपवायचं?

आता भिंतीवर फळ्याएवढा पडदा आहे आणि प्रत्येक मुलापुढे टॅब, माझ्या टेबलावरही एक. धडा झाला की मी ‘समजलं का?’ विचारते. समजलं असेल तर मुलांनी हिरव्यावर बोट ठेवायचं, नसेल तर लाल. पडद्यावर प्रत्येकाच्या नावाचा चौकोन रंगतो. पहिल्या दिवसापासून माझा वर्ग हिरवागार आहे. एकही लाल नाही. मी तास संपल्यावरही त्या पडद्याकडे बघत उभी राहते.

पहिल्या दिवशी मात्र त्या पडद्यावर मी खऱ्याखुऱ्या मार्करने दोन समीकरणं लिहून ठेवली. आमचे संगणकाचे मास्तर गळ्यात कायम एखादी वायर घालून फिरतात, म्हणून मुलं त्यांना वायरमास्तर म्हणतात. त्यांनी काही न बोलता तासभर ती घासून काढली. त्यांचं ते न बोलणंच जास्त लागलं.

वहिनीला नमस्कार, नातीला गोड पापा. हिरव्या वर्गाचा लोभ तुमच्यावर आहेच, तुमचा आमच्यावर राहू द्यावा.

तुझी,
मास्तरीण


१८ ऑगस्ट

चि. मास्तरीणबाईंस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वहिनीला वाचून दाखवलं. मार्करच्या जागी ती इतकी हसली की तिच्या हातातली सुई हरवली. अजून सापडलेली नाही. आम्ही दोघंही जपून बसतो.

खुर्चीचं वाचून आनंद झाला. तुला मिळायलाच हवी. आमच्या घरात तुझ्याइतकी हुकूम सोडण्याची आवड दुसऱ्या कुणाला नाही. पण एक विचारतो, रागावू नकोस. तू शाळेत असताना मास्तरांनी समजलं का म्हणून विचारलं की सगळ्यात मोठ्याने ‘हो’ कोण म्हणायचं? आणि घरी आल्यावर गणिताची वही माझ्यापुढे टाकून कोण रडायचं? तुझ्या वर्गात तुझ्यासारखं एकही पोर नसेल, तर पाहुणे येण्याआधीच शाळेचं अभिनंदन करायला हवं.

माझे कान आहेत तसेच आहेत. छापखान्याच्या यंत्रांनी खाल्ले ते काही परत देत नाहीत. मुलगा ऐकण्याचं मशीन घ्या म्हणून मागे लागलाय. मी ‘हो हो’ म्हणतो.

खुशाली कळवत जा आणि अशीच भांडत राहा.

तुझा,
दादा


३ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या जिभेला काही हाड? तुझ्या पत्रावर मी चार दिवस रुसले होते. पाचव्या दिवशी माझंच पितळ उघडं पडलं.

झालं असं. मागच्या बाकांना दिसावं म्हणून मी पडद्यावरची अक्षरं मोठी करायला गेले. चष्मा टेबलावर राहिला होता. काय दाबलं कोण जाणे, नावंच गेली. मुलांच्या टॅबवर ‘नावे लपवली आहेत’ अशी ओळ आली. मी म्हटलं असू दे, आणि रोजच्यासारखं विचारलं, समजलं का? पडदा लालभडक झाला, दादा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

मला वाटलं यंत्र बिघडलं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. वायरमास्तरांना बोलावलं. त्यांनी गळ्यातली वायर काढून लावली, मग दुसरी लावली, सगळं बंद करून चालू केलं. पुन्हा विचारलं, पुन्हा लाल. एकच चौकोन हिरवा होता. मला जरा धीर आला. एकाला तरी समजलं, याच्यापासून सुरुवात करू, असं मी वायरमास्तरांना म्हटलं. त्यांनी माझ्या टेबलाकडे बोट दाखवलं. माझ्या टॅबवर माझंच कोपर टेकलं होतं.

मुलं हसली नाहीत. हसली असती तर बरं झालं असतं. ती मान खाली घालून बसली होती, आता रागावणार म्हणून. आणि मी रागावले, हे सांगायला लाज वाटते. इतके दिवस खोटं का सांगितलंत, असं मी त्यांना विचारलं.

मग रोज नावं लपवून मागे मागे जात राहिले. समीकरणं, लाल. त्याआधीचे ऋण अंक, लाल. जिना उतरत जावं तशी उतरले आणि अपूर्णांकांपाशी येऊन अर्धा पडदा हिरवा दिसला. म्हणजे नववीचं गणित मी चार इयत्ता खालच्या मुलांना शिकवत होते, आणि ते फार छान चाललंय असं समजत होते. आजवर किती वर्गांनी मला ‘हो’ म्हटलं असेल, याचा विचार करायला बसले की उठवत नाही.

मोठ्या बाईंना सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, की नावं दाखवली तर हिरवं येतं ना? मग पाहुण्यांपुढे नावं दाखवा. तशी एक रंगीत तालीमसुद्धा झाली. मुलांनी हिरवं दाबलं आणि मी शाबासकी दिली. खुर्ची हातभर अंतरावर आहे, दादा. मी काय करू ते सांग. आणि या वेळी नुसतं ‘हो’ लिहू नकोस.

या मूर्ख बहिणीवरचा लोभ आटू देऊ नये.

तुझी,
मास्तरीण


१२ सप्टेंबर

चि. मास्तरीणबाईंस,
अ. उ. आ.

तू विचारलंस म्हणून लिहितो, नाहीतर हे कुणाला सांगणार नव्हतो.

नात रोज शाळेतून आली की माझ्या शेजारी बसून सगळं सांगायची. कोण पडलं, कुणाला बोलणी बसली, कुणाचा डबा कुणी खाल्ला. मला त्यातलं फार थोडं ऐकू यायचं. पण तिचे डोळे इतके चमकायचे की ‘काय म्हणालीस?’ असं विचारून तिला थांबवावंसं वाटायचं नाही. मी हसायचो, मान हलवायचो, मध्येच ‘अरे वा’ म्हणायचो. गेल्या महिन्यात एकदा तिने ओठ माझ्या कानाशी आणून विचारलं, की आजोबा, मी आत्ता काय सांगितलं ते सांगा. मला सांगता येईना. त्या दिवशी ती रडून सांगत होती म्हणे, आणि मी ‘अरे वा’ म्हटलं होतं. आता ती आली की सरळ आत जाते.

‘हो’ म्हणणं फार सोयीचं असतं, बाई. कुणाला त्रास नाही, कुणी चिडत नाही. पण ‘हो’ म्हणणारा एकटा पडतो आणि ते कुणाला दिसत नाही. तुझी पोरं खोटारडी नाहीत. त्यांना तुझी कीव येत असेल, किंवा भीती वाटत असेल. माझ्या बाबतीत दोन्ही होतं.

खुर्चीचं तुझं तू बघ. मी मशीन घ्यायला मुलाबरोबर गेलो होतो. डॉक्टर बोलले त्यातलं निम्मं समजलं नाही, तेव्हा मी त्यांना ते परत सांगायला लावलं. मुलाला घाम फुटला.

वहिनीचे आशीर्वाद. सुई सापडली, कुठे ते विचारू नकोस.

तुझा,
दादा


९ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात पाहुणे आले आणि मी हात दाखवून अवलक्षण केलं.

सगळं ठरल्यासारखं सुरू झालं. नवी साडी, पुसलेला पडदा, पाचही पाहुण्यांना पुढच्या रांगेत खुर्च्या, मोठ्या बाई दाराशी. मी समीकरण शिकवलं आणि समजलं का विचारण्याआधी नावं लपवली. या वेळी चष्मा लावून. पडदा लाल झाला. एका पाहुण्यांनी मोठ्या बाईंना हळूच विचारलं, की लाल म्हणजे चांगलं का?

मी सांगितलं की हे माझ्या शिकवण्याचं फळ आहे, आणि आता मी जिथे ही मुलं उभी आहेत तिथून शिकवते. हे वाक्य मी आरशापुढे पाठ केलं होतं, तरी मधला एक शब्द गाळलाच. अपूर्णांकांपासून सुरुवात केली. घंटा होईपर्यंत दोन बाकांएवढे चौकोन हिरवे झाले. वर्ग पाहुण्यांना दाखवायचा आहे हे मी त्या वेळात विसरून गेले होते. पाठीमागे खुर्च्या सरकल्या तेव्हा आठवलं.

खुर्ची गेली. इतिहासाच्या सरांना मिळेल असं दिसतं. टॅब आणि पडदाही त्यांच्या वर्गाला गेले आणि तिथे सगळं हिरवं येतं म्हणे. आम्हाला आमची जुनी खोली आणि फळा परत मिळाला. मी त्या संध्याकाळी घरी येऊन रडले, खोटं कशाला सांगू. मला मोठी बाई व्हायचं होतं. आणि आता पडदाही नाही, तर ही मुलं मला पुन्हा कधी खरं सांगणार, याची भीती जास्त आहे.

पत्र धाड. उपदेश नको, नुसता लोभ पाठव.

तुझी,
मास्तरीण


१७ ऑक्टोबर

चि. मास्तरीणबाईंस,
अ. उ. आ.

उपदेश नाही. वहिनीने तुझं पत्र दोनदा वाचायला लावलं आणि दुसऱ्यांदा पदराने डोळे पुसले. मशीन कानात फार खरखरतं. नात अजून आतच जाते, पण काल दारात दोन मिनिटं थांबली होती.

खुर्चीवाल्यांपेक्षा तुझ्यावर आमचा लोभ जास्त आहे, हे लक्षात असू दे.

तुझा,
दादा


२५ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आजच्या आज लिहायला बसले आहे. चहाही तसाच पडलाय.

जुन्या खोलीत गेल्यापासून मी ‘समजलं का?’ हा प्रश्न तोंडातून काढायचा नाही असं ठरवलं होतं. ‘हो’ ऐकण्याची मला धास्ती बसली होती. पण खोड जित्याची. आज फळ्यावर एक समीकरण सोडवलं, पाच ओळी, हात झटकले आणि सवयीने विचारून बसले. मग जीभ चावली.

‘हो’ आलं नाही, हेच पहिल्यांदा झालं. खिडकीशी एक मुलगी बसते. हजेरीखेरीज तिचा आवाज मी ऐकलेला नाही. ती उभी राहिली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, की बाई, मला नाही समजलं. मी विचारलं, कुठपासून? तिने थोडा विचार केला आणि सांगितलं, दुसऱ्या ओळीपासून. मग तिच्या मागचा एक उभा राहिला, त्याला पहिल्यापासूनच समजलं नव्हतं. मग पलीकडच्या रांगेतून हात वर व्हायला लागले, नावागावासकट, तोंडासकट.

मी फळ्याकडे वळले आणि तीन ओळी पुसायला उगाच फार वेळ लावला, कारण डोळे भरून आले होते आणि बाईंनी रडायचं नसतं. मग सगळ्यांना बसायला सांगितलं आणि पहिल्या ओळीशी उभी राहिले. तास संपला तेव्हा आम्ही दुसऱ्या ओळीवर होतो.

कळावे. न कळल्यास परत विचारावे.

तुझी,
मास्तरीण