विश्वसनीय सूत्रांची माहिती

३ फेब्रुवारी
ब्लॉगचे वाचक अकरा. त्यांतला एक मी, फोनवरून. दुसराही मीच, संगणकावरून. टोपणनाव मात्र 'टेहळ्या'! लेकीला यातलं काही ठाऊक नाही. ती खऱ्या वर्तमानपत्रात राजकीय बातमीदार. बाप शाळेतल्या कविता घोळवत बसतो, एवढीच तिची समजूत.

५ फेब्रुवारी
बागेत नगराध्यक्ष दिसले. एकटे, बूट काढून बाकावर, मान खाली. मला एकदम सहावीच्या पुस्तकातला वनात निघालेला राजा आठवला — गुरुजींच्या चालीसकट! डोळे भरून आले. त्याच भरात घरी येऊन लिहिलं, राजा अनवाणी बसला आहे, राजीनामा खिशात आहे. शेवटच्या ओळीला शार्दूलविक्रीडिताचा ठेका आपोआप लागला. पुरावा म्हणाल तर बूट.

७ फेब्रुवारी
पहिल्या पानावर! 'नगराध्यक्ष राजीनाम्याच्या तयारीत — विश्वसनीय सूत्रांची माहिती.' खाली लेकीचं नाव. म्हणजे खरंच होतं की! लगेच ब्लॉगवर ठोकून दिलं, आम्ही म्हणालो होतो, आता वर्तमानपत्राचंही शिक्कामोर्तब झालं. स्वतःलाच दोनदा चहा पाजला.

८ फेब्रुवारी
नगराध्यक्षांचा खुलासा आला. राजीनामा वगैरे काही नाही. बूट नवे होते, चावत होते.
लेकीची बातमी पुन्हा वाचली. 'अनवाणी' — माझाच शब्द. सूत्र म्हणजे मी! मी तिच्या भरवशावर, ती माझ्या. गळ्यात गळा घालून दोघं खड्ड्यात.

९ फेब्रुवारी
लेक जेवली नाही. सूत्राचं नाव सांग, नाहीतर राजकीय बातम्या सोड, असं संपादक म्हणाले. नाव सांगणार नाही म्हणते. मी समोर बसून भात चिवडत राहिलो. कवितेतले सगळे शूर राजे तोंडपाठ. वेळेला एकही धावून आला नाही.

११ फेब्रुवारी
संपादकांना भेटलो. म्हटलं, ते सूत्र मीच. त्यांनी पाणी मागवलं.
"काका, लेकीसाठी किती खोटं बोलाल?"
जन्मात एकदा पक्की बातमी घेऊन गेलो, तर कोणी घेईना.

१२ फेब्रुवारी
राजकीय बातम्या गेल्या तिच्या हातून. उद्यापासून हवामान. शेवटी सगळं सांगून टाकलं.
"पहिल्या दिवसापासून वाचतेय, बाबा. तुमची भाषा मला कळणार नाही होय?"
मग तपासलं का नाहीस, म्हटलं.
"तुम्ही लिहिलं होतं ना."